बाँडवरचा प्लॉट आणि सहा टक्क्यांची रजिस्ट्री: घर-जमीन नावावर करताना नांदेड-लातूरकर काय भरतात, काय मिळवतात?

‘प्लॉट आहे, पण बाँडवर आहे.’ नांदेडच्या तरोड्यापासून लातूरच्या आर्वी-हरंगुळपर्यंत हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. एखाद्या शेतकऱ्याने एकरभर जमिनीचे गुंठे पाडले, शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर मजकूर टाइप झाला, दोन साक्षीदारांच्या सह्या झाल्या, नोटरीचा शिक्का बसला आणि पैसे हातात पडले. घेणाऱ्याने पत्रे टाकले, बोअर घेतला, पुढे दोन खोल्या बांधल्या, वीज मीटरही नावावर आले. पंधरा वर्षे सगळे ठीक चालते. मग मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज काढायला बँकेत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘रजिस्ट्री कुठे आहे?’

इथून सरकारी शुल्काचा विषय सुरू होतो. तोवर बहुतेकांना मुद्रांक शुल्क म्हणजे ‘वाचवायची’ रक्कम वाटत असते. खरे तर ती वाचत नाही, फक्त पुढे ढकलली जाते आणि ढकलता ढकलता वाढते. पण दोष एकट्या घेणाऱ्याचाही नाही. हजारो लोकांना शुल्क भरायचे असूनही सरकारनेच नोंदणीचे दार बंद ठेवले होते. दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय हिशोब लागत नाही.

सहा टक्के येतात कुठून?

घर, प्लॉट किंवा दुकान विकत घेताना जो दस्त होतो, त्यावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियम, १९५८ नुसार मुद्रांक शुल्क लागते. महापालिका हद्दीत खरेदीखताचा मूळ दर ५ टक्के आहे. त्यावर १ टक्का स्थानिक संस्थेचा अधिभार. एकूण ६ टक्के. नांदेड-वाघाळा महापालिका १९९७ मध्ये झाली, लातूरची २०११ मध्ये. दोन्ही शहरांत हाच दर आहे. पुणे, नागपुरात मेट्रोच्या नावाने आणखी १ टक्का जातो, तो इकडे नाही. गावाकडे, ग्रामपंचायत हद्दीत, मूळ दर शहरापेक्षा कमी असतो.

हा १ टक्का ‘एलबीटी’ म्हणून ओळखला जातो. व्यापाऱ्यांवरचा एलबीटी २०१५ मध्ये बहुतांशी गेला. खरेदीदारावरचा तेवढा राहिला. व्यापारी संघटित होते, घर घेणारा एकटा असतो, यापलीकडे त्याचे स्पष्टीकरण सापडणे कठीण आहे.

मुद्रांक शुल्काशिवाय नोंदणी फी असते. ती १ टक्का, पण जास्तीत जास्त ३० हजार रुपये. शिवाय दस्ताच्या पानांनुसार हाताळणी शुल्क. दस्तलेखक, वकील आणि शोध अहवाल यांचा खर्च वेगळा, तो सरकारी नाही.

उदाहरण घेऊ. समजा, लातुरात औसा रोडला एक फ्लॅट ३८ लाखांना ठरला. सरकारच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात, म्हणजे सगळे ज्याला रेडीरेकनर म्हणतात त्यात, त्याच फ्लॅटचे मूल्य ४१ लाख निघते. शुल्क या दोन्हींपैकी जास्त रकमेवर लागते. म्हणजे ४१ लाखांवर ६ टक्के, २ लाख ४६ हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण २ लाख ७६ हजार रुपये.

हाच फ्लॅट फक्त बाईच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्क्याची सवलत आहे. इथे ती ४१ हजार रुपये होते. ही सवलत १ एप्रिल २०२१ पासून निवासी घरांसाठी सुरू झाली. सुरुवातीला तिला एक शेपूट होते: पंधरा वर्षे ते घर पुरुषाला विकायचे नाही. २०२३ मध्ये ती अट काढली. लक्षात ठेवायचे ते एवढेच, की पती-पत्नी दोघांचे नाव टाकले की सवलत गेली. मोकळ्या प्लॉटलाही ती लागू नाही.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर जीएसटीही येतो. साधारण ५ टक्के. पण मोठ्या महानगरांबाहेर ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर १ टक्काच. नांदेड-लातूरचे बरेचसे दोन बेडरूमचे फ्लॅट या दुसऱ्या गटात बसतात. बिल्डरने ५ टक्के मागितले तर का, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण हक्क आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घराला आणि मोकळ्या प्लॉटला जीएसटी नाही.

रेडीरेकनरची गल्ली

रेडीरेकनरचे दर दरवर्षी १ एप्रिलला जाहीर होतात. २०२३ आणि २०२४ मध्ये ते वाढवले नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. सरासरी हा शब्द फसवा आहे. गोरगरिबांच्या वस्तीतली वाढ आणि मुख्य रस्त्यावरची वाढ त्यात एकत्र मिसळलेली असते.

तक्ता विभागवार असतो. एकाच मूल्य विभागात हमरस्त्यालगतची जागाही येते आणि मागच्या, गाडी वळत नाही अशा गल्लीतलीही. कागदावर दर एक. त्यामुळे गल्लीतल्या घरावर प्रत्यक्ष बाजारभावापेक्षा जास्त किमतीचे शुल्क भरावे लागते आणि मुख्य रस्त्यावरच्या दुकानावर कमी. म्हणजे ज्याला परवडते त्याला सूट आणि ज्याला परवडत नाही त्याच्यावर भार.

यावर कायद्यात उपाय आहे. त्याला अभिनिर्णय म्हणतात. दस्त नोंदवण्याआधी मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ‘या मिळकतीचे खरे मूल्य ठरवून द्या’ असे सांगता येते. मात्र हा मार्ग सामान्य खरेदीदारापर्यंत पोहोचलेला दिसत नाही. विक्रेता घाईत असतो, कर्जाच्या मंजुरीची मुदत सरत असते आणि दस्तलेखकाला त्यात रस नसतो. मूल्य कमी झाले तर घेणाऱ्याचे पैसे वाचतात, तक्ता बनवणाऱ्याचे काही जात नाही. म्हणूनच ही सुविधा ऑनलाइन, ठरावीक दिवसांत निकाल देणारी व्हायला हवी. मूल्यांकन करणारी संगणक प्रणाली सरकारकडे आहेच, तिला रस्त्याची रुंदी आणि उताराचा रस्ता समजावणे फार अवघड नाही.

‘कमी दाखवू’ या सल्ल्याची किंमत

किंमत कमी दाखवण्याचा सल्ला फुकट मिळतो, म्हणून त्याची किंमत कुणी मोजत नाही.

रेडीरेकनरपेक्षा कमी किंमत दाखवून मुद्रांक शुल्कात एक रुपयाही वाचत नाही, कारण शुल्क रेडीरेकनरवरच लागते. उलट आयकर मागे लागतो. दस्तातली किंमत आणि सरकारी मूल्य यांत १० टक्क्यांहून जास्त फरक असेल तर विकणाऱ्याचा नफा सरकारी मूल्यावर मोजतात. घेणाऱ्याच्या बाबतीत तो फरक ५० हजारांहून जास्त असेल तर त्याचे इतर उत्पन्न धरतात. वरच्या उदाहरणात ३८ आणि ४१ लाखांचा फरक १० टक्क्यांच्या आत आहे, म्हणून चिंता नाही. तोच फ्लॅट ३० लाखांना दाखवला असता, तर घेणाऱ्याच्या उत्पन्नात ११ लाख रुपये वाढले असते. घर घेतले म्हणून उत्पन्न वाढले, असा हा प्रकार.

दुसरा प्रकार जास्त चालतो. जागेचा खरा भाव रेडीरेकनरपेक्षा बराच वर असतो. दस्तात रेडीरेकनरची किंमत आणि उरलेली रक्कम रोखीने. समजा खरी किंमत ६० लाख, दाखवली ४१ लाख. १९ लाख रोख. मुद्रांक शुल्कात वाचले १ लाख १४ हजार. पाच वर्षांनी तीच जागा ७५ लाखांना विकायची वेळ आली. नवा गिऱ्हाईक बँकेचे कर्ज घेणारा, त्याला सगळे पैसे दस्तात हवेत. आता नफा कागदावर १५ लाख नाही, ३४ लाख दिसतो. त्या जादा १९ लाखांवर साडेबारा टक्क्यांनी २ लाख ३७ हजारांहून जास्त कर. वाचवलेल्या पैशांच्या दुप्पट. शिवाय रोख दिलेल्या १९ लाखांवर गृहकर्ज मिळत नाही, त्यामुळे ते सावकाराकडून किंवा दागिने मोडून उभे करावे लागतात. व्यवहार फिसकटला तर ते परत मागायला कोर्टात जाता येत नाही. इसार म्हणून २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतले तर आयकर कायद्यात तेवढ्याच रकमेचा दंड आहे, तो वेगळा.

५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचे घर-प्लॉट असेल तर घेणाऱ्याने विकणाऱ्याला द्यायच्या रकमेतून १ टक्का कापून आयकर खात्यात भरायचा असतो. दोन भावांनी मिळून घेतले आणि प्रत्येकाचा वाटा ५० लाखांहून कमी असला तरी एकूण किंमतच पाहिली जाते. हे न केल्याची नोटीस घेणाऱ्याला येते, विकणाऱ्याला नाही. अनेकांना हा भाग नोटीस आल्यावरच कळतो.

सहा किलोमीटरची रेषा

शेतजमीन विकली की आयकर नाही, असा समज ग्रामीण भागात पक्का आहे. तो अर्धाच खरा आहे. ग्रामीण शेतजमीन भांडवली नफ्याच्या करातून बाहेर आहे, पण ‘ग्रामीण’ कशाला म्हणायचे हे शहराच्या लोकसंख्येवर ठरते. एक लाख ते दहा लाख लोकसंख्येच्या पालिकेच्या हद्दीपासून सहा किलोमीटरपर्यंतची जमीन शहरीच धरतात. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या साडेपाच लाखांच्या आसपास होती, लातूरची पावणेचार लाखांहून जास्त. म्हणजे दोन्ही शहरांभोवती हद्दीपासून सहा किलोमीटरचे कडे आहे. हे अंतर रस्त्याने नाही, सरळ रेषेत, पक्षी उडेल तसे मोजतात.

ही रेषा कोणत्याही सातबाऱ्यावर दिसत नाही. तरी तिच्या आत जमीन विकणाऱ्या शेतकऱ्याला लाखोंचा कर येऊ शकतो, बाहेरच्याला शून्य. जमीन बापजाद्यांची असेल, २३ जुलै २०२४ च्या आधी हाती आलेली असेल, तर साडेबारा टक्के सरळ किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातला जो कमी पडेल तो कर भरता येतो. पैशांतून ठरलेल्या मुदतीत दुसरी शेतजमीन घेतली तर सूटही आहे. पण हे सगळे जमीन विकण्याआधी विचारायचे असते. विकल्यावर, पैसे भावाभावांत वाटले गेल्यावर सीएकडे जाणारेच जास्त.

दार कुणी बंद केले?

आता पुन्हा बाँडकडे. एक गुंठा घेणाऱ्याने रजिस्ट्री का केली नाही? बहुतेक वेळा उत्तर ‘पैसे वाचवायला’ नसते. रजिस्ट्री होतच नव्हती.

महाराष्ट्रात १९४७ चा तुकडेबंदी कायदा आहे. शेतीचे फार बारीक तुकडे होऊन ती तोट्यात जाऊ नये, हा त्याचा हेतू. ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याची खरेदी-विक्री त्याने बेकायदा ठरते. २०२३ मध्ये हे क्षेत्र जिरायतीसाठी २० आणि बागायतीसाठी १० गुंठे केले गेले. पण शहर वाढते तेव्हा कडेच्या शेतात कुणी पीक घेत नाही, लोक घर बांधतात. रिक्षावाला, शिक्षणसेवक, खासगी दवाखान्यातली परिचारिका यांना दहा गुंठे कसे परवडणार? त्यांनी एक-दोन गुंठे घेतले आणि कागद बाँडचा केला.

जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांनी परिपत्रक काढून अशा तुकड्यांची नोंदणी आणखी घट्ट केली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. त्या काळात मराठवाड्यातले लोक आज नोंदणी होते, उद्या होत नाही, असे हेलपाटे घालत होते. तिकडे जुने व्यवहार नियमित करण्याचे शुल्क २०१७ मध्ये बाजारमूल्याच्या २५ टक्के ठेवले होते. कुणी फिरकले नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये ते ५ टक्के झाले. नोव्हेंबर २०२५ मध्ये अध्यादेशाने शून्यावर आले: १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले, शहरी आणि विकास आराखड्यात निवासी किंवा व्यापारी वापराला दाखवलेल्या क्षेत्रातले व्यवहार विनाशुल्क नियमित.

निर्णय योग्यच आहे, पण त्यातून निघणारा धडा वाईट आहे. ज्याने २५ टक्के किंवा ५ टक्के भरून कागद सरळ केले तो मूर्ख ठरला आणि जो थांबला तो शहाणा. मुद्रांक शुल्काच्या अभय योजनेतही हेच झाले. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या योजनेत १९८० ते २०२० या काळातल्या दस्तांवर दंडात मोठी सूट मिळाली, काही जुन्या आणि लहान दस्तांना तर शुल्कच माफ झाले. गुंठेवारी कायद्याची मूळ मुदत २००१ च्या जानेवारीची होती, ती २०२१ मध्ये ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. सरकार दर काही वर्षांनी माफी देते, तेव्हा लोक पुढच्या माफीची वाट पाहतात. वेळेवर भरणाऱ्याला मात्र कधीच काही परत मिळत नाही.

‘विनाशुल्क’ या शब्दातही एक मेख आहे. माफ झाले ते नियमित करण्याचे शुल्क. बाँडवरच्या प्लॉटची रजिस्ट्री करायची तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी भरावीच लागते. तीही आजच्या दराने. समजा २००८ मध्ये गुंठा ८० हजारांना घेतला. तेव्हा पाच टक्क्यांनी धरले तरी शुल्क चार हजार झाले असते. आज त्याच गुंठ्याचे सरकारी मूल्य ९ लाख असेल तर ५४ हजार मुद्रांक शुल्क आणि ९ हजार नोंदणी फी. ६३ हजार रुपये. आणि जुनाच कागद पुढे करून शुल्क भरायला गेले तर तुटीच्या रकमेवर दरमहा २ टक्के दंड, चौपटीपर्यंत. शिवाय नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांत नोंदवायचा असतो. उशीर झाल्यास दंड भरून आणखी चार महिने मिळतात. सतरा वर्षांपूर्वीच्या बाँडला त्यात जागा नाही.

पैशांपेक्षा मोठी अडचण माणसांची आहे. नवा दस्त करायचा तर विकणारा हजर हवा. तो वारला असेल तर त्याचे वारस हवेत. तीन मुलगे, दोन मुली, त्यातली एक हैदराबादला, एकाशी बोलणे बंद. सातबाऱ्यावर अजून त्यांचीच नावे. ‘आबांनी काय लिहून दिले ते आम्हाला माहीत नाही, आजच्या भावाने फरक द्या’ असे ते म्हणाले तर घेणाऱ्याकडे नोटरीच्या शिक्क्याखेरीज काही नसते. नोटरी सही कुणाची एवढे सांगतो, मालकी देत नाही. मुखत्यारपत्रावर विक्री केली म्हणून मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. म्हणून नियमितीकरणाचा खरा उपयोग करून घ्यायचा असेल तर महसूल विभागाने गावोगाव शिबिरे घेऊन वारसांना आणि ताबेदारांना समोरासमोर बसवायला हवे. निव्वळ अध्यादेशाने वारस सह्या करायला येत नाहीत.

घरातल्या घरात

सगळेच हस्तांतरण विक्रीने होत नाही. वारसाने मिळालेल्या मिळकतीवर भारतात वारसा कर नाही. असा कर होता, तो १९८५ मध्ये रद्द झाला. वारस नोंदीला मुद्रांक शुल्क लागत नाही.

बापाने हयातीत मुलाच्या किंवा मुलीच्या नावावर घर किंवा शेत करायचे तर बक्षीसपत्र. पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात आणि वारलेल्या मुलाची पत्नी यांच्यासाठी राहते घर आणि शेतजमीन यांवर २०१५ पासून २०० रुपये मुद्रांक आहे. महापालिका हद्दीत १ टक्का अधिभार मात्र सुटत नाही, आणि ४० लाखांच्या घरावर तो ४० हजार होतो. ‘दोनशे रुपयांत होते’ असे ऐकून गेलेले तिथे अडखळतात. भाऊ आणि बहीण या यादीत नाहीत, भावाला बक्षीस द्यायचे तर मूळ शुल्क ३ टक्के.

बहीण-भावांत वडिलोपार्जित मिळकतीसाठी चालते ते हक्कसोडपत्र. त्याचा मुद्रांक पूर्वी २०० रुपयांचा होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये. बहिणीने पाचशे रुपयांच्या कागदावर, साडी-चोळीच्या बदल्यात, लाखोंचा हिस्सा सोडायचा ही आपल्याकडची रीत. शुल्क कमी ठेवण्यामागचा हेतू कुटुंबांना अडचण नको हा असेल. पण इतका मोठा हक्क इतक्या स्वस्तात आणि इतक्या लवकर सुटतो, की सही करणारीला आपण काय सोडले हे समजावून सांगायला कुणी थांबत नाही. नोंदणीच्या टेबलावर तिला त्या हिश्श्याचे सरकारी मूल्य तोंडी सांगणे सक्तीचे केले तरी फरक पडेल. मूल्यांकन तर संगणक आधीच करत असतो.

शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी मात्र सरकारने मे २०२५ मध्ये माफ केली. पूर्वी ३० हजारांपर्यंत जाणाऱ्या या फीमुळे भाऊ तोंडी वाटणी करत आणि पुढच्या पिढीत बांधावरून भांडत. चांगला निर्णय आहे आणि गावात तो अजून सगळ्यांना माहीत नाही.

शुल्क भरले, मालकी मिळाली का?

सर्वांत अवघड प्रश्न हाच. सहा टक्के भरून, अंगठा देऊन, फोटो काढून बाहेर पडलेल्या माणसाला वाटते की सरकारने मालकी तपासली. तसे नसते. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकीची हमी देत नाही. विकणारा खरा मालक नसेल तर नोंदलेल्या दस्तानेही तो होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये बिहारमधल्या समीउल्ला प्रकरणात याच दुखण्यावर बोट ठेवले आणि ब्लॉकचेनसारख्या तंत्राचा विचार व्हावा असे सुचवले. तंत्र चांगले आहे, पण चुकीची नोंद त्यात टाकली तर ती कायमची चुकीची राहते. आधी नोंद बरोबर हवी.

मराठवाड्यात ती बरोबर असणे जास्त कठीण, कारण आपला महसुली इतिहास निजाम राजवटीतून आलेला आहे. जुने कागद उर्दूत. १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक आजही वकील मागतात, कारण त्यात त्या वेळचा मालक आणि कब्जेदार दिसतो. जमीन कुळाची असेल तर हैदराबाद कुळवहिवाट कायद्याच्या कलम ५०-ब चा प्रश्न, मदतमाश इनामाची असेल तर नजराण्याचा. २०२४ मध्ये मदतमाश जमिनींचा नजराणा बाजारमूल्याच्या ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय झाला. म्हणजे वर्ग दोनची जमीन घेणाऱ्याने मुद्रांक शुल्काशिवाय हा खर्च कुणी भरायचा हे इसारपावतीतच लिहून घेतले पाहिजे. इसार देण्याआधी तीस वर्षांचा शोध घेणे, त्यासाठी पाच-दहा हजार खर्च करणे, ही चैन नाही.

देगलूर-धर्माबादच्या लोकांना पलीकडचे तेलंगण रोज दिसते. तिथे २०२१ पासून एकूण शुल्क साडेसात टक्के आहे, आपल्यापेक्षा जास्त. पण शेतजमिनीची नोंदणी आणि फेर एकाच कार्यालयात, एकाच बैठकीत होतो. ही व्यवस्था २०२० मध्ये धरणी पोर्टलने आणली. त्या पोर्टलमध्येही पुष्कळ घोळ झाले, म्हणून २०२५ मध्ये ते बदलून भूभारती आले. तरीही खरेदी झाल्यावर तलाठ्याच्या मागे फिरावे लागत नाही, हा फरक मोठा आहे. पैसे जास्त पण खेटे कमी, की पैसे कमी पण खेटे जास्त, असे विचारले तर सीमेवरचे अनेक जण पहिला पर्याय घेतील.

आपल्याकडे नोंदणी झाल्यावर फेरफाराची माहिती ऑनलाइन पुढे जाते, ग्राम महसूल अधिकारी नोटिसा काढतो, हरकतीसाठी पंधरा दिवस जातात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. नियमाने महिन्याभरात व्हायला हरकत नाही. नोटीस ज्यांना द्यायची त्यांचे पत्ते सापडत नाहीत, इतर अधिकारात जुन्या सोसायटीचा बोजा दिसतो, एखादा भाऊ हरकत घेतो. म्हणून सूची क्रमांक दोनची प्रत हातात आल्यावर फाइल कपाटात न ठेवता सातबारा किंवा मालमत्ता पत्रकावर नाव चढले का, हे मोबाइलवर दर आठवड्याला पाहावे. शहरातल्या मिळकतीसाठी महापालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदीत नाव बदलायचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. तो न दिल्यामुळे वर्षानुवर्षे घरपट्टीची बिले आणि जप्तीच्या नोटिसा जुन्या मालकाच्या नावाने त्याच दारावर चिकटवल्या जातात.